माणशी एक परवाना

परवाना हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. तो फारसीतला, निजामाच्या राजवटीत इथल्या माणसांच्या तोंडी रुळला तो रुळलाच. आजही आमच्याकडे खताच्या दुकानाला परवाना लागतो, बंदुकीला लागतो, मोंढ्यात अडत करणाऱ्याला लागतो, मापाड्यालाही लागतो. अमुक दारातून आत जाण्याची, अमुक काम करण्याची मुभा म्हणजे परवाना. ती मुभा कोणीतरी देतो, आणि देणारा ती परतही घेऊ शकतो. म्हणून परवाना खिशात असलेल्या माणसाची मान थोडी ताठ असते आणि थोडी वाकलेलीही असते.

संगणकाच्या दाराशीही असाच परवाना असतो, आणि तो माणसे मोजून घ्यावा लागतो, हे मला लातूरला शिकायला येईपर्यंत ठाऊक नव्हते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात कशाला पडावे, असे काही मित्रांनी विचारले. माझे म्हणणे इतकेच की, ज्या गोष्टीपायी मोंढ्यात आलेल्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी अडते, ती गोष्ट एकट्या इंजिनिअरांची राहत नाही. ती आपणही समजून घेतली पाहिजे. म्हणून हा प्रपंच.

लातूरकराला सर्व्हर म्हणजे काय हे सांगायचे झाले तर गंजगोलाईकडे बोट दाखवावे. १९१७ साली उभारलेल्या या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठल्या रस्त्याला सोन्याचांदीचा बाजार, कुठे भांडी, कुठे कापड. रस्ता कोणताही धरा, शेवटी गोलाईत येणे आहेच. सर्व्हरचे तसेच. तो मध्यभागी असतो. भोवतालचे संगणक म्हणजे त्याला मिळणारे रस्ते. त्या रस्त्यांच्या टोकाशी बसलेल्याला ‘क्लायंट’ म्हणतात. आपल्या वकिलांच्या भाषेतला क्लायंट म्हणजे पक्षकार. इथला क्लायंट म्हणजे काम सांगणारा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणारा.

मी एका अडत दुकानात संध्याकाळी चार तास हिशेबाच्या नोंदी करतो. दुकानाचे मालक हल्ली बहुतेक पुण्याला मुलाकडे असतात. दुकानात पाच संगणक आहेत. तेही असे जुने की चालू करून चहा पिऊन यावे. मागच्या खोलीत बारदान्याच्या थप्पीशेजारी एक काळी पेटी अहोरात्र घुमत असते, तो सर्व्हर. हिशेबाचा सारा कारभार त्या पेटीत चालतो. आमच्या पुढ्यातल्या पडद्यावर दिसते ते फक्त त्या कारभाराचे चित्र. आपण कळ दाबली की दाबल्याची वर्दी आत जाते आणि बदललेले चित्र बाहेर येते. खिडकीबाहेर उभे राहून आतल्या कारकुनाला ‘हे लिहा, ते खोडा’ असे सांगावे, तसा हा व्यवहार. यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, तेव्हापासून ही खिडकी तिच्या सर्व्हरला लागली. कष्टाचे काम आतली पेटी करते, म्हणून बाहेरचा संगणक म्हातारा असला तरी भागते.

ही खिडकी लातुरातच असली पाहिजे असेही नाही. मालक पुण्यात बसून दिवसाचा सौदा पाहतात. सर्व्हरची देखभाल करणारा इंजिनिअरही तिकडचाच. त्याला मी आजवर पाहिलेले नाही, फक्त त्याचा आवाज ओळखतो. संगणकाची काही तक्रार केली की तो म्हणतो, “हात लावू नका, मी बघतो.” मग आमच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागतो, एक चौकट उघडते, दुसरी मिटते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आमचे वृद्ध मुनीमकाका खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. “आरं, ह्येच्यात कोन शिरलंय? हात दिसंना अन् कळ दाबायलंय!” आम्ही सगळे हसलो. काका मात्र हसले नाहीत.

त्यांचे न हसणे बरोबर होते, असे मला आता वाटते. हात दिसत नाही आणि कळ दाबली जाते, यात सोय आहे तसे भयही आहे. दूरच्या यंत्राचा कारभार हाकण्याची पूर्वी टेलनेट नावाची रीत होती. तीत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा तारेवरून जात असे. वाटेत कोणीही वाचावा. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला, तेव्हा तेथील तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच ही रीत तयार केली. तिने पोस्टकार्डाचा बंद लिफाफा केला. आज जगभरचे सर्व्हर सांभाळणारे लोक त्या रीतीने आपापल्या यंत्रांत शिरतात. तरीही दारांना भेगा पडतातच. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील रिमोट डेस्कटॉपच्या सेवेत अशी एक भेग सापडली की पासवर्डावाचून आत शिरता यावे. देखभाल केव्हाच थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीही कंपनीला त्या वेळी दुरुस्ती काढावी लागली.

दार भक्कम असणे ही एक बाब झाली. त्या दारातून येणाऱ्यांची मोजणी ही दुसरी, आणि माझा विषय तो आहे.

विंडोजचा सर्व्हर घेतला म्हणजे पैसे देणे संपले, असे होत नाही. सर्व्हरची किंमत त्याच्या प्रोसेसरमधील गाभ्यांवर, म्हणजे कोअरवर ठरते. कोअर कमी असले तरी निदान सोळांचे पैसे मोजावे लागतात. त्यानंतर त्या सर्व्हरकडून काम करून घेणाऱ्यांसाठी वेगळा परवाना लागतो. त्याचे नाव क्लायंट ॲक्सेस लायसन्स. आणि हे काम रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीतून करायचे असेल तर त्यावर आणखी एक, त्या खिडकीचा परवाना. म्हणजे एकाच्या मागे दोन परवाने झाले. बरे, जुन्या आवृत्तीचा परवाना नव्या सर्व्हरला चालत नाही. सर्व्हर बदलून नवी आवृत्ती आणली की परवानेही नवे.

हा परवाना दोन रीतींनी घेता येतो, एक माणसावर आणि दुसरा यंत्रावर. लातूरच्या अभ्यासिकांत दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्यांना हे समजायला वेळ लागू नये. अभ्यासिकेत आपण महिन्याच्या बोलीने खुर्ची घेतो. समजा मालकाने ठरवले, पैसे खुर्चीचे. मग त्या खुर्चीवर दिवसा एक मित्र बसला आणि रात्री दुसरा, तरी त्याची हरकत नाही. हा झाला यंत्रावरचा परवाना. आता समजा तो म्हणाला, पैसे माणसाचे. मग तुम्ही कुठल्याही खुर्चीवर बसा, हव्या त्या वेळी बसा, पण तुमच्या नावावर दुसऱ्याने बसायचे नाही. हा माणसावरचा परवाना. जिथे खुर्च्या थोड्या आणि माणसे पाळीपाळीने येणारी, तिथे पहिली रीत परवडते. जिथे एकाच माणसाकडे घरचा संगणक, कचेरीतला संगणक आणि खिशातला मोबाइल अशी तीन-तीन यंत्रे, तिथे दुसरी.

मोजणीची आणखी एक तऱ्हा आहे. मोंढ्यात घरोघरी असलेले टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्या. त्याचा ‘सिल्व्हर’ परवाना एकट्याच्या वापराचा. ‘गोल्ड’ घेतला तर एका जागेतल्या जाळ्यावर कितीही जणांनी काम करावे. तिथे मोजणी जागेची होते, डोक्यांची होत नाही. ते टॅली रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीतून वापरायचे झाले की मात्र खिडकीचा मालक आपली डोकी मोजतोच.

आमच्या दुकानात या साऱ्याचा कोणी विचार केलेला नव्हता. नवा सर्व्हर मृगाच्या सुमारास बसला. बसवणाऱ्याने तो चालू करून दिला आणि तो गेला. खिडकीचे परवाने घ्यायचे राहिले. विंडोजचा असा नियम आहे की खिडकीची ही सेवा सुरू केल्यापासून एकशे वीस दिवस परवान्यावाचून चालू देतात. तेवढ्या अवधीत परवाने घेऊन नोंदवावेत, ही अपेक्षा. त्यानंतर खिडकी मिटते. मृगापासून एकशे वीस दिवस मोजा, म्हणजे आपण नेमके दसऱ्याच्या तोंडाशी येतो. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू होण्याचा तो काळ.

त्या सकाळी एकाही संगणकावर हिशेब उघडेना. पडद्यावर इंग्रजीत चार ओळींचा निरोप आला आणि तो मिटला की पुन्हा तोच. बाहेर गाड्या लागलेल्या, मापे झालेली, भाव पुकारून झालेला. पुण्याला फोन केला तर इंजिनिअर दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर. त्याने फोनवरून एक तोड सांगितली. सर्व्हरच्या देखभालीसाठी एका वेळी दोघांना या परवान्यावाचून आत जाता येते; त्या वाटेने दोघांनी शिरावे आणि आजचे निभवावे. पण ती वाट दुरुस्तीसाठी आहे, रोजच्या कामासाठी नाही. शिवाय त्या वाटेने शिरणाऱ्याच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या येतात. मुनीमकाकांनी ते ऐकले आणि म्हणाले, “तिजोरीची किल्ली देऊन झाडू मारायला सांगायलाव व्हय? नगं.” त्यांनी कपाटातून जुने पट्टीबुक काढले, कार्बन घातला आणि हाताने पट्ट्या लिहायला बसले. आम्हीही बसलो. एरवी दुपारपर्यंत संपणारे काम रात्री नऊ वाजेपर्यंत चालले.

रांगेत एक म्हातारे शेतकरी होते. अहमदपूरकडचे असावेत, बोलण्यावरून वाटले. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. तीन वेळा ते उठून पडद्यापाशी येऊन गेले. शेवटी मला म्हणाले, “लेकरा, माल माझा. माप मापाड्यानं केलं. भाव समद्यांदेखत फुटला. पैसा मालकाचा. मंग मधी अडवायलंय कोन?”

मला उत्तर देता आले नाही. सर्व्हर, परवाना, मुदत हे शब्द मला ठाऊक होते, पण ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. अडवणारा कोण, असे त्यांनी विचारले होते. आणि अडवणारा तिथे कोणी नव्हताच. मालक पुण्यात, इंजिनिअर तिसऱ्याच गावी, सर्व्हर बसवणारा केव्हाच निघून गेलेला, आणि मोजणी करणारे यंत्र मागच्या खोलीत शांतपणे घुमत होते. आजोबांची शेवटची गाडी चुकली. रात्री ते दुकानाच्या ओट्यावरच झोपले.

त्यानंतरच्या रविवारी मी परवान्याच्या अटी वाचायला घेतल्या. इंग्रजी तोकडे, म्हणून शब्दकोश जवळ घेतला. आमचे मराठीचे सर वर्गात नेहमी सांगतात की, कोणताही मजकूर वाचताना आधी पाहावे, बोलतो कोण आणि कोणाशी. ही युक्ती तिथे फार उपयोगी पडली. त्या मजकुरात ‘तुम्ही’ म्हणजे परवाना घेणारा. विकणारा आहे, घेणारा आहे. पण ज्याची पट्टी अडते तो म्हातारा शेतकरी त्या मजकुरात कुठेच नाही. तो वापर करणाराही नाही आणि यंत्रही नाही. त्याची मोजणी होत नाही, म्हणून त्याच्यासाठी पैसे पडत नाहीत. आणि म्हणूनच दार मिटले तर ते कोणावर मिटले याचीही नोंद कुठे होत नाही.

मग मी आमच्या दुकानाची मोजणी केली. हंगामात दोन पाळ्यांत मिळून दहा माणसे काम करतात, पण संगणक पाचच. मालक आणि त्यांचे चिरंजीव यांच्याकडे प्रत्येकी लॅपटॉप, मोबाइल आणि टॅबलेट, म्हणजे दोघांची मिळून सहा यंत्रे. माणसे मोजली तर दहा अधिक दोन, बारा परवाने. यंत्रे मोजली तर पाच अधिक सहा, अकरा. सर्व्हरच्या त्या खिडकीला दोन्हींपैकी एकच रीत लावावी लागते. कागदावर असे दिसले की, मालकांनी आणि चिरंजीवांनी फक्त आपापल्या लॅपटॉपवरूनच हिशेब पाहायचा ठरवला, तर यंत्रे सातच होतात. मालकांना मी फोनवर भीतभीत हे सांगितले. क्षणभर ते बोलले नाहीत. मग हसून म्हणाले, “म्हंजे सगळ्यात म्हागाचा मीच निघालो की रं!” परवाने सात घेतले, साधे सात आणि खिडकीचे सात.

हा हिशेब सांगण्यात बढाई नाही. यात गणित आहे ते चौथीच्या मुलाला येईल इतकेच. पण तो दुकानात बसून, दुकानातली माणसे पाहून करावा लागतो. रात्रपाळीचा मुनीम दिवसपाळीच्याच खुर्चीवर बसतो, हे पुण्याहून दिसत नाही. दूरून यंत्र दिसते. ते कोण कसे वापरतो हे जवळच्यालाच दिसते.

या परवान्यांचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा आमच्या घरातला एक कागद आठवत होता. आमचे गाव नांदेड जिल्ह्यातले. घरात पत्र्याच्या पेटीत निजामी अमलातला एक उर्दू कागद आहे. तो घरात कोणाला वाचता येत नाही. अकरावीत असताना वडील आणि मी तो घेऊन नांदेडला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि वाचून दाखवला. त्यात पट्टेदार म्हणून एका मोठ्या घराण्यातल्या माणसाचे नाव होते आणि खाली ‘असामी शिकमी’ म्हणून माझ्या पणजोबांचे. शिकमी म्हणजे कूळ. पट्टा एकाचा, नांगर दुसऱ्याचा. पणजोबांनी ती जमीन खंडाने केली, पण उद्या ती आपल्याकडे असेल की नाही, हे त्यांना सांगता येत नसे. पुढे १९४८ साली निजामाचे राज्य गेले आणि १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला. त्याने ‘संरक्षित कूळ’ ही नवी पायरी घातली. मालकाच्या मनात आले म्हणून अशा कुळाला उठवता येईना. त्याला कारण द्यावे लागे आणि अधिकाऱ्यापुढे सुनावणी होई. आमची आजची चार एकर जमीन त्या पायरीवरून घरात आली.

सॉफ्टवेअर विकत घेतो असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे आपण ते खंडाने घेतो. पट्टेदार कंपनी, आपण शिकमी. यात मला कमीपणा वाटत नाही. ज्यांनी रात्री जागून ते लिहिले, त्यांच्या कष्टाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. फुकटची नक्कल वापरून तो बुडवणे हे दुसऱ्याच्या मळ्यातली कणसे तोडण्यासारखे आहे. पण खंडाच्याही तऱ्हा असतात. जमीन खंडाने घ्यावी आणि वर खुरपायला येणाऱ्या प्रत्येक बाईची बांधावर वेगळी चिठ्ठी फाडावी, तशी ही माणशी मोजणी आहे. ज्या देशांत एक माणूस, एक टेबल, एक संगणक अशी घडी आहे, तिथे ती खटकणार नाही. आमच्याकडे एका मोबाइलवर घरातली पाच जण अभ्यास करतात आणि एका खुर्चीवर दोन पाळ्या बसतात. आमचे जगणेच सामाईक. ते माणशी मोजायला गेले की कुठे ना कुठे अडतेच.

मोजणीच न करणारी सॉफ्टवेअरे जगात नाहीत असे नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा घाट घातला. १९८९ साली त्याचा परवाना लिहिला गेला. तोही परवानाच, पण त्यात घेणाऱ्याला वापरण्याची, वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मुभा लिहून दिलेली आहे. १९९१ साली लिनक्स आले आणि याच रीतीने वाढले. लिनक्सच्या सर्व्हरवर दहा जण येवोत की हजार, दाराशी डोकी कोणी मोजत नाही. शेजारच्या राज्यांच्या पलीकडे, केरळात, सरकारी शाळांतून मुले याच सॉफ्टवेअरवर संगणक शिकली. पण त्यालाही सांभाळणारा माणूस लागतो. दार फुकट मिळाले तरी बिजागरीला तेल घालायला कोणीतरी जवळ असावेच लागते. आमच्या मोंढ्यात तो नाही, म्हणून आमचे दुकान त्या वाटेला गेले नाही.

आता सरकारी सर्व्हरकडे पाहू. तिथली मोजणी वेगळी आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की कोणालाही तो काढता येतो. तुम्ही कोण, तुमच्याकडे यंत्रे किती, हे कोणी विचारत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातले पीक शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंदवावे असे ठरले. ज्या सातबारावर पूर्वी फक्त तलाठी पीक लिहीत असे, त्यावर माझ्या वडिलांनी बांधावर उभे राहून स्वतःचे सोयाबीन लिहिले. पणजोबांच्या कागदातली भाषा त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती. त्यांच्या नातवाने सरकारी दफ्तरात स्वतः नोंद केली. हा फरक लहान नाही, आणि तो दूरच्या सर्व्हरनेच घडवला, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

पण उत्तर देणाऱ्याचा प्रश्न इथेही सुटत नाही. मागच्या पावसाळ्यात एका दाखल्यासाठी वडिलांना तीन खेपा पडल्या. प्रत्येक वेळी ‘सर्व्हर डाऊन’ हे दोनच शब्द. समोरचा कर्मचारी भला माणूस होता; स्वतःचा डबा तसाच ठेवून तासभर खटपट करीत होता. पण त्याच्या हाती होते काय? त्याच्याही पुढे पडदाच होता. वडिलांना तो सरकार वाटत होता आणि तो बिचारा आमच्यासारखाच एक क्लायंट होता. पूर्वीचा पटवारी अडवी, तेव्हा निदान त्याच्या ओट्यावर बसून राहता येत असे. सर्व्हरचा ओटा कुठे आहे?

म्हणून मला वाटते, वाद यंत्र जवळचे की दूरचे याचा नाही. मोजणी करावी की करू नये याचाही नाही. मोजणाऱ्याने मोजावे, दाम घ्यावे. पण ज्याची मोजणी होते त्याला, आणि ज्याची होत नाही पण काम अडते त्यालाही, “अडवायलंय कोन?” असे विचारायला जागा असली पाहिजे आणि त्या जागी एक माणूस असला पाहिजे. १९५० च्या कायद्याने कुळाला जमीन मिळाली ती पुढे. आधी त्याला मिळाली ती सुनावणी. कारण विचारण्याचा हक्क आधी आला, मालकी मागाहून.

मित्रहो, नांदेडच्या विष्णुपुरीत आपले विद्यापीठ आहे. ते ज्यांच्या नावाने उभे आहे त्या स्वामी रामानंद तीर्थांनी याच भागातल्या माणसांना सत्तेला प्रश्न विचारायला शिकवले. आपल्यापैकी बरेच जण माझ्यासारखे घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले. आपल्यातले थोडे शिक्षक होतील, थोडे स्पर्धा परीक्षांना बसतील, पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या पडद्यापुढे बसून दुसऱ्याचे काम करतील. तेव्हा समोर कोणी आजोबा रांगेत असतील. सर्व्हर आपल्या हाती नसेल, परवानाही नसेल. पण दार का मिटले, ते कोणी मिटले, किती वेळ मिटले राहील आणि तोवर कार्बन घालून काय करता येईल, इतके त्यांच्या बोलीत सांगता आले पाहिजे.

त्यासाठी अटींचा मजकूर वाचावा लागतो. तो कंटाळवाणा असतो, अक्षर बारीक असते, भाषा परकी असते. पणजोबांच्या कागदाचीही भाषा परकीच होती. तो वाचून देणारा माणूस नांदेडला होता, म्हणून आम्हाला आमच्या जमिनीची गोष्ट कळली. मी सध्या त्या मुदतीच्या, मोजणीच्या आणि दुरुस्तीच्या वाटेच्या नियमांचे मराठीत टिपण करतो आहे. दोन वह्या झाल्या. शेजारच्या दोन दुकानांतल्या मुनिमांनी ते वाचायला मागितले आहे. मुनीमकाकांनी मात्र पट्टीबुकाचे नवे बाड मागवून ठेवले आहे. त्यालाही माझा विरोध नाही.